सोबतचा स्त्री-आवाज : अज्ञात

दिनांक पहिला : कापसाच्या हंगामातला एक दिवस, दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्याच्या साप्ताहिक सुटीचा. त्या दुपारी माझ्या पत्नीचा आवाज ध्वनिमुद्रित करण्यात आला. जबाबदार : गायक.

दिनांक दुसरा : त्याच हंगामातली रथसप्तमी. कॅसेट बाजारात आली. वेष्टनावर अकरा नावे होती, माझ्या पत्नीचे नव्हते. जबाबदार : गायक आणि वेष्टन छापणारे.

दिनांक तिसरा : यंदाच्या पोळ्याचा दुसरा दिवस. त्याच गायकाच्या निवडक सोळा गाण्यांचा संच प्रसिद्ध झाला. सोबतच्या पुस्तिकेत बाराव्या गाण्याखाली छापले आहे, 'सोबतचा स्त्री-आवाज : अज्ञात.' जबाबदार : गायक, पुस्तिकेचे संपादक, मुद्रिते तपासणारे, आणि प्रकाशनाच्या व्यासपीठावर ती पुस्तिका चाळून टाळ्या वाजवणारे सर्व मान्यवर.

दिनांक चौथा : हा पहिल्या आणि दुसऱ्या दिनांकांच्या मधला आहे. तो मी क्रमाने लिहिलेला नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी. त्याबद्दल जबाबदार असलेल्या व्यक्तीचा पत्ता मला ठाऊक आहे.

मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. बेलीफ लोकांना समन्स, नोटिसा आणि जप्तीचे हुकूम वाटून देणे, त्यांनी ते कसे बजावले याचे अहवाल तपासणे, हे माझे काम. नोकरीत असताना 'अज्ञात' हा शब्द मी हजारदा वाचला. अज्ञात इसम, अज्ञात वाहन, विहिरीत सापडलेले अज्ञात स्त्रीचे प्रेत. ज्याच्याविषयी कोणी विचारायला येत नाही, त्याला कागदावर हा शब्द मिळतो. माझ्या पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली आहेत. तिला विचारणारा मी हयात आहे.

गायकांविषयी सांगणे न्यायाचे होईल. ते पुसदच्या एका शाळेत शिक्षक होते. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाजही त्यांचाच. गिटार आणि पेटी घेऊन ते अगदी हळू गायचे. समोर एकच माणूस बसला आहे आणि तोही पेंगुळला आहे, असे समजून गावे तसे. त्यांच्या गाण्यांत कोणी रडत नसे, कोणी छाती बडवत नसे. एक माणूस बस सुटल्यावर थांब्यावर उभा राही, आणि गाणे संपे. दिग्रस, पुसद, उमरखेड या पट्ट्यात एके काळी पानठेल्यापासून एसटी कॅन्टीनपर्यंत हीच गाणी लागत. मोठ्या शहरांनी त्यांना कधी बोलावले नाही. आता उतारवयात त्यांच्या चाहत्यांनी वर्गणी काढून हा संच केला आहे : मोबाइलवर ऐकता येतो, आणि ज्यांना हाताशी काही हवे त्यांच्यासाठी पेन ड्राइव्ह आणि पुस्तिका.

माझी पत्नी गायिका नव्हती. आश्विनात आमच्या आळीत भोंडल्यासारखी आमच्याकडची भुलाबाई बसे, तेव्हा मुलींना गाणी सांगायची ती. मुली दर घरी जाऊन गात, खिरापत ओळखत, आणि हिने एक सूर लावला की बाकीच्या आपोआप गप्प होत. गायकांची बहीण आमच्या आळीत दिलेली होती. तिच्याकडे आलेले असताना त्यांनी तो सूर ऐकला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येऊन माझी परवानगी मागितली. एका गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर एका बाईची नुसती गुणगुण हवी होती. शब्द एकही नव्हता. मी परवानगी दिली, आणि सोबत गेलो.

ध्वनिमुद्रण जिनिंगच्या गोदामात होते. नागपूरहून आलेल्या ध्वनिमुद्रकाने ती जागा हेरली होती, कारण चारी बाजूंनी रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि तिथे टाळी वाजवली तर ती हातातच विझायची. यंत्रे बंद होती. मी एका गाठीवर बसलो. ध्वनिमुद्रकाने कानाला यंत्र लावले, पत्नीला सूर लावायला सांगितले, आणि लगेच हात वर केला.

"ताई, बांगड्या वाजून राह्यल्या. काढून ठेवा."

"त्या नाई निघत."

"साबण लावा ना, निघतात."

"साबनानं निघतात जी. मी नाई काढत."

गोदामात हशा पिकला. तबलजी म्हणाला, "नाझरसाहेब, जप्तीचा हुकूम काढा बांगड्यांवर." पत्नीने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने गाठीच्या फाटलेल्या कोपऱ्यातून मूठभर रुई ओढली, दोन्ही हातांच्या हिरव्या बांगड्यांभोवती गुंडाळली, पदराच्या काठाचा दोरा काढून वर बांधला, आणि हात हलवून दाखवले. "पाहा. झाल्या मुक्या."

मग ती गायली. मी त्या वेळी काय ऐकले ते शेवटी सांगेन.

कॅसेट आली त्या दिवशी तिने ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून उघडली. आतला घडीचा कागद उलगडला, अकरा नावांवरून वरून खाली बोट फिरवले, पुन्हा खालून वर फिरवले. मग त्याच घड्यांवर तो कागद मिटून डबीत ठेवला. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरून बसलो होतो.

"छापाले जागा कमी पडली असन," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला उठली.

तेव्हापासून तिच्या मृत्यूपर्यंतची वर्षे मी मोजत नाही. तिच्या गुणगुणण्याबद्दल मात्र एक नोंद करतो. लग्नानंतर ती माझ्यादेखत गुणगुणत असे : तूर निवडताना, दिवा लावताना. नंतर कधीतरी असे झाले की मी कचेरीतून येऊन फाटकाची कडी काढली की आतली गुणगुण थांबे. रस्त्यावरून ती मला स्पष्ट ऐकू येई, कडी वाजे, आणि घर गप्प होई. मी त्याचा अर्थ आदर असा लावला. वर्षानुवर्षे मी माझ्या पत्नीची गुणगुण फक्त फाटकाबाहेर उभा राहून ऐकली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी यवतमाळहून आली ती संच घेऊनच. ती म्हणाली, "बाबा, जुन्या टेपेतली खरखर सगळी काढली हाय. आई कशी ऐकू येते पाहा."

तिने बारावे गाणे लावले. कॅसेटमध्ये पत्नीचा आवाज दूर, पाऊस पडत असताना शेजारच्या घरातून यावा तसा होता. आता खरखर गेली होती आणि ती खोलीत होती. दुसरे कडवे संपले. तिने श्वास घेतला. तो श्वास कॅसेटमध्ये कधीच ऐकू आला नव्हता. मी तीन वर्षांत तिचा श्वास ऐकलेला नव्हता. शेवटचा ऐकला तेव्हा तो दवाखान्याच्या नळीतून येत होता. हा तिच्या तरुण छातीतला होता, गाण्याआधीचा. मग गुणगुण, आणि अखेरीस, सूर सोडताना, एकच किण्. रुईचा एक पुंजका सुटला असावा. एक बांगडी मुकी झाली नव्हती.

मुलगी रडत होती. मी पुस्तिका उघडली. तबलजी होता, ध्वनिमुद्रक होता, गोदामाची किल्ली देणारा चौकीदार होता, चहा आणून देणारा होता. आणि मग ती ओळ.

"बाबा, जाऊ द्या ना," मुलगी म्हणाली. "तुम्ही आता पत्र लिहाल."

मी लिहिले. पहिल्या पत्राची पोच आली, उत्तर आले नाही. दुसरे पत्र परत आले. वर पोस्टमनचा शेरा : 'घेण्यास नकार.' ज्याने आयुष्यभर असे शेरे तपासले, त्याला पुढची पायरी कोणी शिकवावी लागत नाही. माणूस नोटीस घेत नसेल तर दोन पंचांसमक्ष त्याच्या दाराला ती डकवतात, आणि कायदा समजतो की ती त्याला मिळाली. मी पत्राची तिसरी प्रत काढली, मैद्याची खळ करून डबीत भरली, आणि पुसदची एसटी धरली. पंच तिथे शेजारी मिळतील, असा हिशेब होता.

त्या दिवसांत ते गाणे माझा पाठलाग करीत होते. किराण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमधून ती श्वास घ्यायची. तो गुणगुणीचा तुकडाच लोकांनी उचलला होता. त्यावर कोणी शेतातले ढग दाखवी, कोणी आपले तान्हे बाळ. एसटीत माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईने तेच लावले. तिच्या शेजारी बंजारा तांड्यावरची एक म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"कोन गाते वं हे?" म्हातारीने विचारले.

"काय मालूम आजी. अज्ञात लिवलं हाय."

तिकिटे फाडत आलेला कंडक्टर म्हणाला, "बाई हाय ना, मंग अर्ध्या तिकिटात गात असन."

बस हसली. म्हातारी हसली नाही. "घरी कोनी नसन तवा गायली वाट्टे," ती म्हणाली. "तशीच गाते."

कंडक्टर माझ्यापाशी आला. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे माझा प्रवास फुकट आहे. त्याने माझे ओळखपत्र पाहून परत दिले. ते मी खळीच्या डबीशेजारी ठेवले.

गायकांच्या घराचे दार लावलेले होते. पंचांना हाक मारण्याआधी मी डबी उघडली, दारावर खळ लावली आणि कागद टेकवणार तोच दार आतून उघडले. मी त्यांना तीसेक वर्षांनी पाहत होतो. ते वाळले होते, पण आवाज तोच, समोर एकच माणूस असल्यासारखा.

"या नाझरसाहेब. खळ घरचीच आनली का?"

"गुरुजी, आपण माझे पत्र नाकारले."

"पहिलं घेतलं होतं ना जी. वाचून दोन दिवस जेवन गेलं नाई. दुसऱ्याच्या पाकिटावर तुमचं अक्षर पायलं आन् हातच पुढं होईना. त्या अक्षराले मी लय भेतो. बसा. पंखा लावू का?"

मी बसलो नाही. मी उभ्याने माझे म्हणणे मांडले. चहावाल्याचे नाव छापता आणि जिच्या आवाजावर आज गाव झुलते तिला बेवारस ठरवता, हे कोणत्या नीतीत बसते, हे विचारले.  माझे झाल्यावर ते आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. तिच्यात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एकच कागद होता.

"वाचता का? का मी वाचू?"

आता चौथा दिनांक. माझ्या कपाटात मी आयुष्यात लिहिलेल्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत आहे. नगरपालिकेला नालीबद्दल, वीज कार्यालयाला खांबाबद्दल, मुलीच्या शाळेला दप्तराच्या वजनाबद्दल. या एका पत्राची नाही. ठेवली नाही, कारण कपाट पुसणारी पत्नी होती. ध्वनिमुद्रणानंतर पाचव्या दिवशी, कचेरीत, जेवणाच्या सुटीत मी ते लिहिले. त्यातला मजकूर असा : "सदर ध्वनिमुद्रणात सहभागी असलेल्या माझ्या पत्नीचे नाव, छापील, लेखी अथवा तोंडी, आज अथवा भविष्यात, आपण अथवा आपल्या वतीने अन्य कोणी, कोणत्याही कारणास्तव प्रसिद्ध करू नये." कारण म्हणून मी माझ्या नोकरीच्या नियमांकडे बोट दाखवले होते. असा नियम मला तेव्हाही सापडला नव्हता.

हे पत्र मी विसरलो होतो, असे लिहिले तर ते खोटे होईल. ते एका कॅसेटपुरते होते आणि कॅसेटबरोबर संपले, अशी मी माझी समजूत घातली होती. 'आज अथवा भविष्यात' हे शब्द मीच लिहिलेले होते.

"कुठं फट नाई ठेवली तुमी," गायक म्हणाले. "मी वकिलाले दाखवलं होतं. तो म्हने, गुरुजी, ज्यानं हे लिवलं त्याच्या नादी लागू नका."

"मग 'अज्ञात' कशाला? ओळच गाळायची."

"संपादक तेच म्हने, ओळ काढून टाकू. मी म्हनलं, नाई. नाव नाई देता येत तं नाई देता येत, पन कोनीतरी होतं, एवढं तं राहू द्या. तुमाले तो शब्द वंगाळ वाटला. माझ्यापाशी दुसरा नव्हता जी."

मी बसलो. त्यांनी पंखा लावला. दारावर माझी खळ वाळत होती.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताई आल्या होत्या एकदा. कॅसेट आल्यावर महिनाभरानं. इथंच बसल्या होत्या, तुमी बसले तिथं."

मला तो दिवस आठवला. पुसदला चुलत बहिणीकडे बारसे आहे, असे सांगून ती सकाळच्या गाडीने गेली आणि दिवेलागणीला परतली. येताना पदरात बोरे आणली होती. ती मी खाल्ली. आंबट आहेत, असे म्हटलेही.

"तुम्ही तिला हे पत्र दाखवले?"

"मी शब्द देला हाय त्याईले."

"कसला शब्द?"

"का तुमाले सांगनार नाई."

"काय सांगणार नाही?"

"आता तेच सांगतलं तं शब्द कुठं राह्यला नाझरसाहेब?" ते हसले नाहीत. "त्याईनं दोन गोष्टी मागतल्या माझ्यापाशी. एक हे. दुसरी, का तुमच्या पत्राच्या भाईर जायचं नाई. एवढं तुमाले सांगतो, आन् यापुढं विचारू नका."

परतीच्या एसटीत मी पुराव्याचा विचार केला. मला तेवढेच येते. 'तुमचे पत्र' असे ते म्हणाले, म्हणजे पत्राचा विषय तिच्यासमोर निघाला. पण तिने ते वाचले काय? तिला त्यातला खोटा नियम कळला काय? की गायकांनी तिला फक्त एवढेच सांगितले, की ताई, घरून मनाई आहे? फाटकाची कडी वाजल्यावर गुणगुण थांबायची, ती कधीपासून, हे मला नेमके आठवले असते तर गोष्ट सिद्ध झाली असती. आठवत नाही. हा परिस्थितीजन्य पुरावा आहे आणि तो दोन्हीकडे झुकतो. तिने ते वाचले नसेल, तर मनाईमागे काही रास्त कारण असेल असे मानून ती मरेपर्यंत मला निर्दोष धरत राहिली. तिने ते वाचले असेल, तर तिने मला रोज चहा दिला, औषधे हातावर ठेवली, माझ्या आजारपणात उशाशी बसून राहिली, ठाऊक असताना.

घरी आल्यावर मी फाटकाची कडी पकडीने उपटून काढली. मुलीला सांगितले, गंजली होती. गाणे आता मीच लावतो, संध्याकाळी, खुर्ची फाटकाशी नेऊन. दुसरे कडवे संपते. ती श्वास घेते. कडी नाही, तरी मी हलत नाही.

त्या दुपारी गाठीवर बसून मी काय ऐकले, ते सांगतो म्हणालो होतो. गायक त्या गाण्यात थांब्यावर उभे होते आणि त्यांच्या शब्दांना माझी पत्नी उत्तर देत होती. शब्दाविना. ती डोळे मिटून गात होती आणि त्या गोदामात मी कुठेच नव्हतो. दोघांत काही गैर नव्हते. असते तर मला ते कायद्याने हाताळता आले असते. जे होते ते एवढेच, की तिच्यापाशी एक गोष्ट होती जी मी दिलेली नव्हती. त्यावर मी नाव न छापण्याचा हुकूम बजावला. नियमांचा आडोसा मी मत्सराला दिलेला होता. चौथ्या दिनांकाचा जबाबदार इसम ज्ञात आहे : प्रस्तुत लेखक. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिनांकांसमोर मी ज्यांना जबाबदार धरले, त्या सर्वांवरचा आरोप मी मागे घेतो. व्यासपीठावरच्या मान्यवरांचाही.

आता गुरुजी, आपणास, या अंकाच्या वाचकांसमक्ष.

माझे ते पत्र मी आजपासून बिनशर्त रद्द करीत आहे. संचाच्या पुढच्या आवृत्तीत आणि मोबाइलवरच्या यादीत बाराव्या गाण्याखाली 'अज्ञात' हा शब्द काढून माझ्या पत्नीचे नाव घालावे. तिचे नाव मी या लेखात कुठेही लिहिलेले नाही. ते पहिल्यांदा आपल्या हातून छापले जावे.

राहिला आपला शब्द. तो मोडा, असे मी म्हणणार नाही. पण तो आपण सांगितलात तसाच मी लक्षात ठेवला आहे : मला सांगायचे नाही. लोकांना सांगायचे नाही, असे तिने म्हटलेले नाही. ती माझ्याबरोबर एवढी वर्षे राहिली होती. फट कुठे ठेवावी, हे तिला कळत असणार. म्हणून हे उत्तर मी माझ्यासाठी मागत नाही. मला पत्र लिहू नका, घरी येऊ नका, फोन करू नका. याच नियतकालिकाच्या पुढच्या अंकात, सर्वांना वाचता येईल असे, एका ओळीत लिहा : त्या दिवशी, आपल्या घरी बसून, माझ्या पत्नीने ते पत्र वाचले होते काय? होय, की नाही?